कॅसिओ एफएक्स-८२एमएस : मध्य, मध्यक, बहुलक शिकायला हा छोटा कॅल्क्युलेटर पुरतो का?

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. दहावीची सांख्यिकी, अकरावी-बारावी कॉमर्स किंवा एफवायबीकॉमचं स्टॅटिस्टिक्स एवढ्यासाठी कॅल्क्युलेटर घ्यायचा असेल तर कॅसिओचा एफएक्स-८२एमएस घ्या, त्याच्या वरचा महागातला घेऊ नका, आणि हे मी पैसे वाचवायला म्हणून सांगत नाहीये. शिकणाऱ्या मुलाच्या हातात हाच जास्त कामाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. का ते खाली नीट लिहिते, उदाहरणं करून.

मी घरी ट्युशन घेते. दहावीची मुलं असतात आणि शिवाजी विद्यापीठाची एफवायची पण असतात, त्यामुळे हे मशीन रोज टेबलावर असतं. मुलांचे स्वतःचे वेगवेगळे मॉडेल असतात, कुणाकडे दादाचा इंजिनिअरिंगचा आलेला असतो, कुणी मोबाईलवर ॲप टाकलेलं असतं, त्यामुळे तुलना आपोआप होत राहते.

एक शंका लगेच येणार ती आधीच घेते, की दहावीच्या बोर्डाच्या पेपरवर तर छापलेलंच असतं की कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही, मग कशाला घ्यायचा? बरोबर आहे, परीक्षेत नाही चालत. पण घरी सराव करताना उत्तर तपासायला काहीतरी लागतं ना. पुस्तकाच्या मागे फक्त शेवटचं उत्तर असतं, मधली बेरीज कुठे चुकली ते तिथे कळत नाही. आणि कॉलेजला गेल्यावर नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर साधारण चालतो (तरी तुमच्या परीक्षेच्या सूचना वाचून घ्या), तेव्हा ज्याला आधीपासून सवय आहे त्याचा पेपर वेळेत होतो.

आता मशीनकडे येते. बऱ्याच जणांकडे हा कॅल्क्युलेटर वर्षानुवर्षं असतो आणि त्यात सांख्यिकीचा मोड आहे हेच माहीत नसतं, सगळं एक्स गुणिले एफ, मग एम प्लस, मग भागाकार असं चाललेलं असतं. मोड दाबा, स्क्रीनवर तीन पर्याय येतात, त्यातला २ नंबरचा एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यापासून किती पसरलेत ते) घ्या. वर बारीक अक्षरात एसडी दिसायला लागेल. त्यानंतरचं काम कधी विसरू नका, शिफ्ट दाबून मोड, म्हणजे पिवळ्या अक्षरातलं सीएलआर, मग १, मग बरोबर. याने जुना डेटा पुसला जातो. हे नाही केलं तर कालच्या गणिताचे आकडे आजच्यात मिसळतात आणि मूल अर्धा तास सूत्रात चूक शोधत बसतं. मग एकेक आकडा टाकायचा आणि प्रत्येक वेळी एम प्लस दाबायचं, त्याच बटणावर निळ्या अक्षरात डीटी लिहिलेलं असतं. वारंवारता (तोच आकडा किती वेळा आलाय ते) असेल तर आधी आकडा, मग शिफ्ट आणि कॉमा (तिथे अर्धविराम येतो), मग वारंवारता, मग एम प्लस. सगळं टाकून झालं की शिफ्ट २ दाबून १ आणि बरोबर, झाला मध्य. शिफ्ट १ मध्ये बेरजा मिळतात, म्हणजे एक्सची बेरीज, एक्सच्या वर्गांची बेरीज आणि एन. संपलं, एवढंच आहे. पाच मिनिटांत कुणीही शिकतं.

पण या मशीनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलेली आहे. तुम्ही एम प्लस दाबलं की स्क्रीनवर एन बरोबर अमुक असं येतं, आत्तापर्यंत एकूण किती निरीक्षणं आत गेली ते. आता हे नीट बघा. समजा बाजार समितीत एका दिवशी कांद्याच्या ३० ट्रॉल्या आल्या, आकडे मी बनवलेले आहेत, क्विंटलला ५०० रुपये दराने ३ ट्रॉल्या गेल्या, १२०० ने ५, १५०० ने १२, १६०० ने ८ आणि एकदम भारी मालाच्या २ ट्रॉल्या २६०० ने. पहिली नोंद टाकली की स्क्रीनवर ३. दुसरी टाकली की ८. मग २०, मग २८, मग ३०. अहो हीच तर संचित वारंवारता, पेक्षा कमी प्रकारची! जो रकाना मुलं कंटाळत कंटाळत वहीत भरतात आणि जिथे निम्म्या चुका होतात, तो मशीन आकडे टाकता टाकता दाखवत जातं. मी मुलांना सांगते की प्रत्येक एम प्लस नंतर स्क्रीनवरचा आकडा शेजारच्या रकान्यात उतरवून घ्या, टाकून होईपर्यंत मध्यकाची अर्धी तयारी झालेली असते.

याच उदाहरणात मध्य येतो १४५०. बेरीज ४३,५०० भागिले ३०. मध्यकासाठी ३० निरीक्षणांतलं मधलं म्हणजे १५ वं आणि १६ वं बघायचं, वर उतरवलेल्या रकान्यात ८ पर्यंत १२०० संपले आणि २० पर्यंत १५०० आहेत, म्हणजे दोन्ही १५०० मध्येच, मध्यक १५००. बहुलक तर डोळ्यांनीच दिसतो, सगळ्यात जास्त ट्रॉल्या ज्या दराने गेल्या तो, १५००. आणि कुणी नुसतं किमान आणि कमाल घेऊन मधला काढला तर १५५० येईल, तो मध्यही नाही, मध्यकही नाही, काहीच नाही, दोन टोकांच्या आकड्यांवरून काढलेला तो एक अंदाज आहे.

हे उदाहरण मी मुद्दाम घेते कारण आमच्याकडची बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरातली आहेत. पणन मंडळाच्या साईटवर रोजचे बाजारभाव असतात त्यात किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. तो सर्वसाधारण दर म्हणजे ढोबळमानाने बहुलकच, ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो. केंद्राच्या ॲगमार्कनेटवर तर त्याला मोडल प्राईस असंच म्हणतात. एका मुलाला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "काकू, बाबा नेहमी म्हणतात पेपरातला वरचा भाव बघायचाच नाही, मधलाच बघायचा." बरोबरच आहे त्याच्या बाबांचं. वरचा २६०० चा भाव २ ट्रॉल्यांचा आहे, आपली ट्रॉली विकायला नेली तर १५०० च्या आसपास मिळण्याचीच शक्यता जास्त. मुलांना बहुलक हा पाच मार्कांच्या सूत्राच्या पलीकडे कधी दिसतच नाही, आणि इथे त्यांच्या घरात तो रोज वापरला जातो.

आता वर्गीकृत डेटा, म्हणजे आकडे गटागटांत दिलेला तक्ता. इथेच खरी गंमत आहे आणि इथेच स्वस्त आणि महाग मशीनमधला फरक कळतो, त्यामुळे इथे जरा थांबून वाचा.

एका सोसायटीत ५० फ्लॅट आहेत, महिन्याला किती युनिट वीज लागते त्याचा तक्ता असा धरा: ० ते १०० युनिट ८ घरं, १०० ते २०० मध्ये १८, २०० ते ३०० मध्ये १२, ३०० ते ४०० मध्ये ६, ४०० ते ५०० मध्ये ४ आणि ५०० ते ६०० मध्ये २. मध्य काढायला प्रत्येक वर्गाचा वर्गमध्य घ्यायचा, ५०, १५०, २५० असं ५५० पर्यंत, आणि वारंवारतेसकट वरच्यासारखं टाकायचं. एक्सची बेरीज ११,१०० येते, एन ५०, मध्य २२२ युनिट. मुलांना तीन पद्धती असतात, सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन, आणि तीनही पद्धती याच मशीनवर तपासता येतात हे कुणी सांगत नाही. गृहीतमध्य २५० घ्या, विचलनं (वर्गमध्य वजा २५०) येतात उणे २००, उणे १००, ०, १००, २००, ३००. आता एक्सच्या जागी हीच विचलनं टाका, उणेसाठी कंसातलं वजाबाकीचं बटण वापरायचं. एक्स-बार (मशीनवरचं मध्याचं चिन्ह) दाबल्यावर उणे २८ येतं. २५० मधून २८ गेले, २२२. आता तीच विचलनं १०० ने भागून उणे २ पासून ३ पर्यंत टाका, येतं उणे ०.२८, त्याला १०० ने गुणलं की परत उणे २८. एकाच गणिताची तीन उत्तरं जुळताना मूल स्वतः बघतं तेव्हा "या तीन पद्धती का आहेत" हा प्रश्न पुन्हा पडत नाही. कॅल्क्युलेटर नव्हता तेव्हा मोठे आकडे लहान करून हाताने बेरीज करायला त्या काढलेल्या आहेत, उत्तर बदलायला नाही.

आता मध्यक. ८२एमएसमध्ये मध्यकाचं बटण नाही. बहुलकाचंही नाही. लोक ही उणीव म्हणून लिहितात, आणि दुकानदारही मोठं मॉडेल खपवताना हेच सांगतो की "त्यात मीडियन पण येतो हो ताई". येतो, खरं आहे. कॅसिओच्याच एफएक्स-९९१ईएक्समध्ये सांख्यिकीचा मेनू उघडून वन-व्हेरिएबल कॅल्क घेतलं की मध्य, प्रमाण विचलन, किमान, पहिलं चतुर्थक (पाव आकडे ज्याच्या खाली येतात ते), मध्यक, तिसरं चतुर्थक, कमाल अशी सगळी यादी एका झटक्यात येते. सुटे आकडे असतील तर ती यादी एकदम बरोबर असते आणि मशीन म्हणून ते उत्तमच आहे, त्यात वाद नाही.

पण वरचा विजेचा तक्ता त्यात टाकून बघा. वर्गमध्य आणि वारंवारता टाकल्या की मध्यक म्हणून येतो १५०. आणि सूत्राने काढला तर? एन भागिले २ म्हणजे २५. संचित वारंवारता ८, २६, ३८, ४४, ४८, ५०, म्हणजे २५ वं घर १०० ते २०० या वर्गात पडतं. एल, म्हणजे वर्गाची खालची मर्यादा, १००, आधीच्या वर्गाची संचित वारंवारता ८, वर्गाची वारंवारता १८, वर्गांतर १००. २५ वजा ८ म्हणजे १७, भागिले १८, गुणिले १००, हे झालं ९४.४४, त्यात १०० मिळवले, १९४.४४. कुठे १५० आणि कुठे १९४! मशीन चुकलेलं नाहीये, त्याला आपणच सांगितलंय की १८ घरांचा वापर अगदी बरोबर १५० आहे, कारण आपण वर्गमध्य टाकला. त्या १८ घरांचा वापर १०० पासून २०० पर्यंत पसरलेला आहे हे त्याला कसं कळणार. ते बिचारं यादीतलं मधलं बघून १५० सांगतं. सूत्र मात्र त्या वर्गात घरं सारखी पसरली आहेत असं धरून पुढे सरकतं. साधा हिशोब करा, पसरलेली धरली तर १५० च्या खाली ८ अधिक ९ म्हणजे १७ घरं आणि वर ३३ घरं, हा कसला मध्यक? निम्मी इकडे निम्मी तिकडे तर हवीत.

माझ्याकडे एफवायची एक मुलगी हेच ९९१ईएक्स घेऊन आली होती, तिचा मध्य दर वेळी बरोबर आणि मध्यक दर वेळी कुठल्यातरी वर्गमध्यावरच येऊन थांबायचा, आणि मशीनने सांगितलंय म्हटल्यावर तिचा सूत्रावरचाच विश्वास उडाला होता. मी तिला फक्त वरची १७ आणि ३३ घरं मोजायला लावली. मोजून झाल्यावर तिनेच सांगितलं की म्हणून वर्गीकृतला बटण दाबायचं नाही. म्हणून मी म्हणते की शिकायच्या वयात ते बटण नसलेलं बरं. ८२एमएस तुम्हाला एन देतो, एनचा चढता हिशोब देतो, मध्य देतो, आणि मध्यकाचा वर्ग कुठला हे शोधायचं काम तुमच्यावर सोडतो. तेच तर शिकायचं असतं.

याच पायरीवर पुढे चतुर्थकं पण होऊन जातात. अकरावी कॉमर्सला विभाजन मूल्यांचा धडा आहे, मुलं घाबरतात, पण मध्यक ज्याला कळला त्याला त्यात नवीन काही नाही. वरच्या तक्त्यात पहिलं चतुर्थक हवं तर ५० चा चौथा भाग १२.५, तो पण १०० ते २०० मध्येच, १२.५ वजा ८ म्हणजे ४.५, भागिले १८, गुणिले १००, येतात २५, म्हणजे चतुर्थक १२५. दशमक, शतमक सगळं असंच.

बहुलकाचं सूत्र मुलांना पाठ असतं पण कशाला ते माहीत नसतं. सगळ्यात मोठी वारंवारता १८, म्हणून बहुलकीय वर्ग १०० ते २००. मागची ८, पुढची १२. वर १८ वजा ८ म्हणजे १०, खाली ३६ वजा ८ वजा १२ म्हणजे १६, १० भागिले १६ गुणिले १००, ६२.५. बहुलक १६२.५. आता हे बघा की पुढचा वर्ग मागच्यापेक्षा भरलेला आहे (१२ आणि ८), म्हणून बहुलक वर्गाच्या मधोमध १५० वर न राहता पुढच्या वर्गाकडे झुकला. सूत्र एवढंच करतं, ज्या बाजूचा शेजारी मोठा त्या बाजूला सरकवतं. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की उत्तर १२० आलं तर मूल स्वतःच म्हणतं की कुठेतरी गडबड आहे.

आणि एक कळकळीची विनंती. तीन मध्यक वजा दोन मध्य बरोबर बहुलक, हे कार्ल पिअर्सनच्या नावाने चालणारं नातं कॉलेजची मुलं नियमासारखं वापरतात. ते अंदाजाचं नातं आहे, थोडीशीच विषमता असलेल्या, म्हणजे एका बाजूला जरासाच झुकलेल्या डेटासाठीचं. वरच्या तक्त्यात ते लावलं तर येतं १३९ च्या आसपास, आणि सूत्राने आलाय १६२.५. दोन्ही एकाच तक्त्यातून. प्रश्नात स्पष्ट सांगितलं असेल किंवा बहुलकीय वर्ग नीट ठरवताच येत नसेल तरच ते वापरा, बाकी वेळी पूर्ण सूत्र.

तक्ता कसा दिलाय ते बघणं हे कुठलंच मशीन करत नाही, ते आपल्यालाच करायचं असतं. वर्ग १०१ ते २००, २०१ ते ३०० असे तुटक दिले असतील तर आधी सलग करून घ्या, खालची मर्यादा १००.५ धरायची, १०१ नाही. मध्याला याने फरक पडत नाही कारण वर्गमध्य तोच राहतो, पण मध्यक आणि बहुलक दोन्ही हलतात आणि इथे फुकट मार्क जातात. दुसरं म्हणजे उघडे वर्ग. महावितरणच्या घरगुती बिलाचे टप्पे घ्या, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि मग ५०० च्या वर. आता ५०० च्या वर म्हणजे कुठवर? वर्गमध्यच निघत नाही, म्हणजे मशीनमध्ये टाकायला आकडाच नाही, म्हणजे मध्य काढता येत नाही, काढायचाच तर काहीतरी गृहीत धरावं लागेल. पण मध्यक त्या शेवटच्या वर्गातच पडत नसेल तर आरामात निघतो कारण त्याला शेवटच्या वर्गाची फक्त संख्या लागते, टोक नाही. आणि हे टप्पे सारख्या रुंदीचे पण नाहीत, १०० चा एक आणि २०० चे दोन, त्यामुळे बहुलकाचं नेहमीचं सूत्र इथे तसंच्या तसं लावू नका, रुंद वर्गात जास्त घरं पडणारच. मला वाटतं की "कुठलं परिमाण कधी" हा प्रश्न मुलांना अशा खऱ्या बिलावरून विचारला पाहिजे, फायदे-तोटे पाठ करून लिहायला लावण्यापेक्षा.

क्रिकेटवाल्या मुलांचा एक ठरलेला प्रश्न असतो म्हणून लिहिते. एखाद्या खेळाडूच्या सगळ्या डावांच्या धावा मशीनमध्ये टाकल्या तर एक्स-बार छापलेल्या सरासरीशी जुळत नाही. जुळणार नाहीच, कारण क्रिकेटमध्ये डावांनी नाही भागत, किती वेळा बाद झाला त्याने भागतात. ब्रॅडमनच्या कसोटीत ६९९६ धावा, डाव ८०, त्यातले १० नाबाद, म्हणून भागायचं ७० ने, तेव्हा ९९.९४ येतात. मशीन ८० ने भागणार आणि ८७.४५ सांगणार. मुलांना हे जाम आवडतं आणि मध्य म्हणजे कशाला कशाने भागतोय ते आधी विचारायचं, ही सवय इथून लागते.

आता मशीनच्या मर्यादा, त्या पण प्रामाणिकपणे लिहायला हव्यात. एक तर डेटा तक्त्यासारखा समोर दिसत नाही. ९९१ईएस प्लस किंवा ईएक्समध्ये एक्स आणि वारंवारता असे रकाने स्क्रीनवर येतात, चूक लगेच दिसते. इथे बाणाची बटणं दाबत एकेक नोंद बघत जावं लागतं, एक्स १, मग फ्रीक्वेन्सी १, मग एक्स २ असं. चुकीचा आकडा दिसला की त्याच जागी बरोबर आकडा टाकून बरोबरचं बटण दाबायचं, दुरुस्त होतो, सगळं परत टाकायची गरज नाही. हे माहीत नसलेली मुलं एक चूक झाली की सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतात. चाळीस-पन्नास सुटे आकडे असतील तर हे बाण दाबणं कंटाळवाणं होतं हे मान्य. दुसरं, मशीन आकडे चढत्या क्रमाने लावून देत नाही, सुट्या आकड्यांच्या मध्यकासाठी ते वहीतच लावावे लागतात. मोठा प्रोजेक्ट असेल, सर्व्हे वगैरे केला असेल, तर सरळ कॉम्प्युटरवर शीट उघडा, तिथे ॲव्हरेज, मीडियन आणि मोड अशी तीन फंक्शन आहेत, कॅल्क्युलेटरच्या मागे लागू नका. फक्त वर्गीकृत तक्त्याच्या मध्यकाची अडचण तिथेही तीच आहे, त्यांना सुटेच आकडे द्यावे लागतात.

तिसरी गोष्ट प्रमाण विचलनाची. शिफ्ट २ मध्ये २ नंबरला सिग्मा एन आणि ३ नंबरला सिग्मा एन वजा १ असतं. एफवायच्या पुस्तकातलं नेहमीचं सूत्र एनने भागणारं असतं, म्हणजे २ नंबरचं. नमुन्यावरून अंदाज बांधायचा असेल तेव्हा ३ नंबरचं. उत्तर दशांशात थोडंसंच वेगळं येतं आणि मूल समजतं की मशीनमध्ये गडबड आहे.

मोबाईल ॲपबद्दल विचारतात सगळे. घरी एखादं उत्तर बघायला ठीक आहे, पण परीक्षेत मोबाईल नेता येत नाही, आणि बोटांना बटणांची सवय हवी असते ती काचेवर होत नाही. शिवाय बरीच ॲप मध्य-मध्यक-बहुलक तिन्ही एकदम छापून देतात, त्यात मुलाच्या हाताला काही कामच उरत नाही.

किमतीचं म्हणाल तर ८२एमएस साधारण पाचशेच्या आसपास मिळतो, थोडं इकडे तिकडे होतं, आणि ९९१ वाले हजाराच्या वर जातात. घेताना पक्कं बिल घ्या आणि दुकानातच वरचा कांद्याचा हिशोब टाकून बघा, पाच नोंदी आहेत, एक्स-बार १४५० आला पाहिजे. हुबेहूब दिसणारे दुसरे कॅल्क्युलेटर पण बाजारात असतात. माझ्याकडच्या एका मुलाला एका दुकानात असाच काहीतरी दिला होता, बटणांवर पिवळी अक्षरं सगळी होती पण एसडी मोडला वारंवारता घेतच नव्हता, फक्त पहिला आकडा धरायचा. बिल नव्हतं म्हणून बदलून पण मिळाला नाही.

ज्याला बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं नक्की आहे त्याने मात्र सरळ ९९१ घ्यावा, मॅट्रिक्स, इंटिग्रेशन, कॉम्प्लेक्स नंबर सगळं पुढे लागणार आहे, दोनदा खर्च कशाला. फक्त त्यात वारंवारतेचा रकाना आधी सेटअपमध्ये जाऊन चालू करावा लागतो, आणि तो चालू-बंद केला की टाकलेला डेटा पुसला जातो, त्यामुळे तक्ता भरायच्या आधीच ते करून घ्या.